चार्जिंग केंद्रासाठी जागा कोणती निवडावी : करंजी, वणी की कोलारा?

केळापूरचा कास्तकार

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात राहतो. कापूस, तूर आणि थोडा हरभरा यांवर आमचे घर चालते. धाकट्या भावाने विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली असून त्याला गाव सोडायचे नाही. म्हणून आम्ही दोघांनी विद्युत चारचाकी गाड्यांसाठी सार्वजनिक चार्जिंग केंद्र काढण्याचे ठरवले आहे. भांडवलाचा काही भाग घरचा आहे, उरलेल्यासाठी बँकेशी बोलणे चालू आहे. गाडे अडले आहे ते जागेपाशी.

आमच्यासमोर तीन जागा आहेत. पहिली जागा म्हणजे करंजीजवळचे आमचे स्वतःचे वावर. ते राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागून, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या बाजूला आहे. दुसरी वणी शहरात, चुलत्यांच्या मालकीची, बाजारपेठेलगतची मोकळी जागा. तिसरी चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या मेहुण्यांची.

वाहतूक जेथे सर्वांत जास्त तेथेच केंद्र चालेल असे मला वाटते, आणि म्हणून माझा कल करंजीकडे आहे. भावाच्या मते महामार्गावर गाड्या सुसाट निघून जातात, थांबत कोणीच नाही, तेव्हा वस्तीतली वणीच बरी. ज्यांनी केंद्र चालवले आहे किंवा जे या भागात विद्युत गाडी चालवतात, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

महामार्गी

मी नागपूरला राहतो आणि कामानिमित्त महिन्यातून दोनदा विद्युत गाडीने हैदराबादला जातो. आपला निर्णय बरोबर असू शकेल, पण त्यामागचे कारण मला पटत नाही. रस्त्यावरून किती गाड्या जातात यापेक्षा, आपल्या जागेपाशी पोहोचताना त्यांच्या बॅटरीत किती उरलेले असते हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

माझी गाडी ४० युनिटांच्या (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) बॅटरीची आहे. महामार्गावर वातानुकूलन चालू ठेवून एका युनिटात मी साधारण सहा-साडेसहा किलोमीटर जातो. घरून पूर्ण भरून निघालो की जाम चौरस्त्यावर किंवा हिंगणघाटला मला चार्जिंगची आठवणसुद्धा होत नाही, कारण पाऊण बॅटरी शिल्लक असते. त्या टापूत वर्दळ भरपूर आहे, पण माझ्यासारखा चालक तेथे फुकट दिले तरी थांबणार नाही. करंजी नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर येते. तेथवर पोहोचताना अर्धी बॅटरी रिकामी झालेली असते, अंग आखडलेले असते आणि पुढे आदिलाबादपर्यंत खात्रीचे केंद्र मिळेल की नाही ही धास्ती मनात असते. २४ युनिटांच्या लहान गाडीला तर करंजी म्हणजे जवळपास शेवटचा टप्पा. म्हणून माझे मत करंजीच्या बाजूने आहे.

परतीचा पाऊस

केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावे असे म्हटले होते. त्या हिशेबाने जाम, हिंगणघाट, वडकी, करंजी, पांढरकवडा अशी कुठलीही जागा चालली पाहिजे.

हिशेबनीस

ते अंतर प्रवाशाची सोय डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले आहे. दर २५ किलोमीटरवरचे प्रत्येक केंद्र नफ्यात चालेल, अशी हमी त्यात कोणी दिलेली नाही. धागाकर्त्याने बँकेकडे जाण्यापूर्वी पुढील हिशेब स्वतः करून पाहावा.

६० किलोवॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला १,४४० युनिट देईल. प्रत्यक्षात ते क्षमतेच्या ५ टक्केच वापरले गेले तर ७२ युनिट विकली जातात. एका गाडीला सरासरी २० युनिट धरले, तर या झाल्या दिवसाच्या तीन-चार गाड्या. १५ टक्के वापर झाला तर २१६ युनिट, म्हणजे दहा-अकरा गाड्या. आता समजा की यंत्र, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), केबल, पत्र्याचे छप्पर आणि काँक्रीट मिळून २५ लाख रुपये लागले आणि वीजबिल वजा जाता युनिटमागे ६ रुपये हाती राहिले. पहिल्या स्थितीत वर्षाला दीड लाखाच्या आसपास येतील आणि भांडवल सुटायला सोळा वर्षे लागतील. दुसऱ्या स्थितीत पावणेपाच लाख येतील आणि पाच-सव्वापाच वर्षांत पैसे मोकळे होतील. यात व्याज, राखणदार आणि दुरुस्ती धरलेली नाही. सांगायचे इतकेच, की दिवसाला चार गाड्या आणि दिवसाला अकरा गाड्या यांमधल्या सात गाड्यांवर आपला सगळा संसार उभा आहे, आणि त्या सात गाड्या जागाच आणते.

आणखी दोन गोष्टी. मीटरवर शंभर युनिट फिरली की गाडीत त्याहून काही कमी पोहोचतात, कारण यंत्रात वीज बदलताना घट होते. बिल मात्र शंभराचे येते. शिवाय चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो ग्राहकाकडून घ्यायचा असला तरी दर ठरवताना विसरून चालत नाही.

वीजवाहिनी

मी वीज वितरणाच्या कामात तीस वर्षे काढली आणि आता आर्वीला स्थायिक आहे. चर्चा गाड्यांची चालली आहे, पण या व्यवसायाचा कच्चा माल वीज आहे आणि तिच्याबद्दल अद्याप कोणी बोललेले नाही.

आपल्या वावरातून जाणारी लाईन कोणत्या वाहिनीची (फीडरची) आहे, हे आधी पाहा. ती कृषी वाहिनी असेल तर त्यावर शेतीपंपांच्या वेळापत्रकाप्रमाणे पाळीपाळीने वीज येते, आणि दिवसा आठ तास वीज असली तरी संध्याकाळी सात वाजता आलेल्या ग्राहकाला तिचा काही उपयोग नाही. गावठाण वाहिनी त्यापेक्षा बरी. औद्योगिक वाहिनी किंवा उपकेंद्रातून निघालेली स्वतंत्र वाहिनी जवळ असेल तर सर्वांत उत्तम. करंजी परिसरात जिनिंग (कापसातून सरकी काढणारे कारखाने) असतील, तर त्यांना कोणत्या वाहिनीवरून पुरवठा होतो याची चौकशी करा, कारण हंगामात जिनिंग बंद पडलेले परवडत नसल्याने तो पुरवठा सहसा बरा ठेवला जातो.

दुसरे म्हणजे गावच्या डीपीवरून (सामायिक रोहित्रावरून) साठ किलोवॅटचा भार ओढता येईल असे समजू नका. शंभर केव्हीएच्या रोहित्रावर आधीच घरे, पिठाची गिरणी आणि वेल्डिंगचे दुकान असते. भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उच्चदाब जोडणी आणि स्वतःचे रोहित्र आले. लाईन जितकी लांबून आणावी लागेल तितके खांब आणि तितका खर्च. रस्त्यालगतची पण ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून सहा किलोमीटर दूरची जागा, आणि रस्त्यापासून दोनशे मीटर आत पण उपकेंद्राला लागून असलेली जागा, यांपैकी मी दुसरी घेईन.

परवान्याची काळजी नको. विद्युत वाहनांना चार्जिंग देण्यासाठी वीज कायद्याखाली वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. जोडणीचा अर्ज करताना मात्र विद्युत वाहन चार्जिंगची स्वतंत्र वर्गवारी नमूद करा, नाहीतर व्यापारी दर लागेल.

वणीकर

मी वणीची, आणि तरीही वणीच्या विरोधात लिहिते आहे.

आमच्या शहरात ज्यांच्याकडे विद्युत गाडी आहे, त्यांच्याकडे अंगण किंवा वाहनतळही आहे. ते रात्री घरच्या सॉकेटवर गाडी लावतात आणि सकाळी ती भरलेली असते. घरगुती दराने वीज मिळत असताना महिन्यातून एखाद्या वेळीसुद्धा ते जलद चार्जरवर येतील असे मला वाटत नाही. पुण्यामुंबईत सदनिकांमध्ये चार्जिंगची सोय नसते म्हणून वस्तीतले केंद्र चालते. तो ठोकताळा तालुक्याच्या गावाला लागू होत नाही. शिवाय कापसाच्या हंगामात बाजाराकडच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात, आणि मोकळी जागा दिसली की तेथे मालवाहू गाडी उभी राहणार हे ठरलेले आहे. मागच्या डिसेंबरात दुसऱ्या एका गावात मी चार्जरसमोर कापसाने भरलेला मेटॅडोर उभा पाहिला. चालक जेवायला गेला होता आणि मी अर्धा तास वाट पाहिली.

एक विनंती आहे. जागा कोणतीही घ्या, पण तेथे दिवे, पाणी आणि स्त्रियांसाठी उघडे, स्वच्छ स्वच्छतागृह ठेवा. एकदा रात्री साडेआठला मी मुलीसह एका महामार्गावरील केंद्रावर पोहोचले. यंत्र चालू होते, पण भोवती मिट्ट काळोख, शेजारचा धाबा बंद आणि स्वच्छतागृहाला कुलूप. बॅटरीत १९ टक्के असताना मी तेथून निघाले आणि पुढचे बत्तीस किलोमीटर ताशी पन्नासच्या वेगाने गाठले. त्या केंद्रावर मी पुन्हा कधी थांबलेले नाही.

महामार्गी

ताई, आपण लिहिले ते तंतोतंत खरे आहे. आम्ही चालक मंडळी केंद्राची निवड यंत्राच्या ताकदीवरून जितकी करतो, तितकीच तेथे चहा आणि सावली आहे की नाही यावरून करतो. पाऊण तास कुठेतरी बसायचे असते.

चिमूरकर

कोलाऱ्याबद्दल मी सांगू शकतो, कारण माझे रोजचे येणेजाणे त्याच रस्त्यावर आहे.

ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असते. म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा आधीच वजा झाला. उरलेल्या काळात पर्यटक येतात ते एक तर मुक्कामाला येतात आणि रिसॉर्टमध्ये रात्रभर सावकाश गाडी भरून घेतात, किंवा पहाटे येऊन जंगल सफारीच्या जिप्सीत बसतात आणि स्वतःची गाडी चार तास प्रवेशद्वाराशी उभी ठेवतात. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला साठ किलोवॅटची गरजच नाही. त्याच्याकडे चार तास आहेत. साडेसात किलोवॅटच्या, सावकाश भरणाऱ्या साध्या एसी चार्जरवर तेवढ्या वेळात जवळजवळ तीस युनिट भरतात, म्हणजे लहान गाडी पूर्ण आणि मोठी तीन चतुर्थांश. असा चार्जर भिंतीवर बसतो, त्याला रोहित्र लागत नाही आणि जलद यंत्राच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात तो येतो.

म्हणून माझे म्हणणे असे की कोलाऱ्याला २५ लाख घालू नका, पण मेहुण्यांची जागा सोडूही नका. तेथे वाहनतळ करा, दोन-तीन एसी चार्जर लावा आणि पार्किंगसह एकच शुल्क घ्या. शेगावला संस्थानात दर्शनाला येणारे भाविक, लोणारचे सरोवर पाहायला येणारे पर्यटक, या सगळ्यांना हाच न्याय लागू आहे. माणूस जेथे मुळातच तीन-चार तास थांबतो तेथे सावकाश चार्जर, आणि जेथे तो जेवणापुरता थांबतो तेथे जलद.

गाविलगड

चिमूरकरांच्या मुद्द्याला जोडून मेळघाटचा अनुभव मांडतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना सुमारे साडेसातशे मीटर उंची चढावी लागते. प्रवासी धरून सतराशे किलोची गाडी तेवढी उचलायला साडेतीन ते चार युनिट निव्वळ उंचीपायी खर्च होतात, अंतराचा खर्च वेगळा. उतरताना त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. त्यामुळे चिंता चढणाऱ्याला असते, उतरणाऱ्याला नसते, आणि केंद्र घाटाच्या पायथ्याशी परतवाड्याला चालेल. नकाशावर दोन्ही गावे जवळजवळ दिसतात, पण व्यवसायाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. करंजीला घाट नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रस्त्याचा चढउतार आणि ताशी वेग दोन्ही लक्षात घ्यावेत. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाणारी गाडी जुन्या रस्त्यापेक्षा कितीतरी लवकर रिकामी होते.

तळेगाव दशासर

मी एक केंद्र चालवले आणि चौदा महिन्यांनी बंद केले. कारणे प्रामाणिकपणे लिहितो, म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाचतील.

वाहतूक चांगली होती, अंतरही योग्य होते. पहिली चूक यंत्राच्या जागेची. मी ते पश्चिमेकडे तोंड करून, छपराविना उभे केले. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारी चारला पडद्यावरची अक्षरे उन्हात दिसत नसत, गाडीला लावायच्या चार्जिंग बंदुकीची मूठ हाताला चटका देत असे, आणि तापलेले यंत्र स्वतःच वेग कमी करत असे. चाळीस मिनिटांचे काम सव्वा तासावर गेले की ग्राहक चिडतो, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असते.

दुसरी चूक मोबाइलच्या नेटवर्कची. आमचे यंत्र ॲपशिवाय चालू होत नसे. माझी जागा खोलगट होती, तेथे एकाच कंपनीचे नेटवर्क यायचे, तेही पाऊस आला की जायचे. पैसे भरल्याचा संदेश येईना म्हणून उभी गाडी तशीच निघून गेल्याचे प्रसंग मी मोजणे सोडून दिले होते. यंत्र पुरवणाऱ्याकडे तक्रार केली की तंत्रज्ञ तीन-चार दिवसांनी यायचा, कारण जवळचा तंत्रज्ञ दुसऱ्या विभागात बसायचा. एकदा केंद्र बंद सापडले की चालकांच्या गटात ती बातमी पसरते, आणि यंत्र दुरुस्त झाल्याची बातमी मात्र तितकी पसरत नाही.

धागाकर्त्याचा भाऊ विद्युत शाखेचा आहे आणि जागेवर राहणार आहे. ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे असे मी मानतो. जागा निवडताना ती तुमच्या घरापासून किती दूर आहे, हेही मोजा.

परतीचा पाऊस

विद्युत ऑटो आणि दुचाकींचा विचार कोणी केला नाही. तालुक्याच्या गावी त्याच जास्त आहेत.

हिशेबनीस

त्या जास्त आहेत, पण त्यांची बॅटरी लहान असते आणि चालक ती घरी भरतो. ऑटोवाल्याला दिवसातून एकदा तीन-चार युनिट हवी असतील, तर त्यासाठी बसस्थानकाजवळ १५ अँपिअरचे दोन सॉकेट पुरेत. तो जोडधंदा आहे, त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये.

केळापूरचा कास्तकार

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वणीचा विचार मी सोडला आहे. वणीकर ताईंचे म्हणणे भावाला वाचून दाखवले, तेव्हा त्यालाही ते पटले.

मात्र करंजीबद्दल एक अडचण आहे. आमचे वावर हैदराबादकडे जाणाऱ्या बाजूला आहे आणि मध्ये दुभाजक आहे. नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांना आमच्याकडे यायचे तर पुढच्या भुयारी मार्गातून वळून उलटे यावे लागेल. अर्धे ग्राहक गेले असे समजावे का?

महामार्गी

अर्धे जाणार नाहीत, पण बरेच जातील. थकलेला चालक दोन-तीन किलोमीटरचा वळसा घेतो, तो दुसरा पर्याय नसेल तरच. तुमच्या बाजूची गाडी नागपूरहून पूर्ण भरून आलेली असते आणि तिला पुढे हैदराबादपर्यंत लांब जायचे असते. समोरच्या बाजूची गाडी मात्र आदिलाबादेकडून भरून येते आणि नागपूर जवळ आल्यामुळे ती अनेकदा न थांबताच घरी जाते. तेव्हा एकच बाजू मिळत असेल तर तुमची बाजू वाईट नाही.

वीजवाहिनी

महामार्गाला थेट जोडरस्ता काढायचा असेल तर त्यासाठी महामार्ग प्राधिकरणाची स्वतंत्र परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. जमीन अकृषिक करून घेण्याचे काम त्यासोबतच सुरू करा. पण त्याआधी एक गोष्ट तपासा. करंजीला वणीकडे जाणारा रस्ता महामार्गाला मिळतो. त्या चौकाजवळ, जोडरस्त्यावर, आधीच परवानगी असलेले एखादे जुने हॉटेल किंवा बंद पडलेले जिनिंग भाड्याने मिळाले, तर दोन्ही बाजूंच्या गाड्या उतरून येऊ शकतील, स्वच्छतागृह तयार असेल, आणि जिनिंगचे असेल तर रोहित्रही तयार असेल.

हिशेबनीस

वीजवाहिनींच्या या सूचनेमुळे माझ्या हिशेबातले २५ लाख बरेच खाली येतील. फक्त भाडेकरार निदान नऊ-दहा वर्षांचा आणि नोंदणीकृत करा. भाडे स्थिर रकमेऐवजी विकलेल्या युनिटमागे ठरवता आले तर पहिली दोन वर्षे जड जाणार नाहीत. सरकारी जमिनीसाठी २०२२ च्या सूचनांत युनिटला एक रुपया असा वाटा सुचवलेला होता. खासगी मालकाशी बोलताना तो आधार घेता येईल.

वेळेचाही विचार करा. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी असे म्हटले आहे. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे लागतो. आपल्याकडचा उन्हाळी प्रवासी पहाटे किंवा दिवस कलल्यावर निघतो. नागपूरहून पहाटे साडेपाचला निघालेली गाडी करंजीला आठच्या आत पोहोचते, म्हणजे महाग वेळेत. दुपारच्या जेवणाला थांबणारा ग्राहक त्यामुळे दुप्पट मोलाचा आहे.

केळापूरचा कास्तकार

गेला आठवडाभर मी आणि भाऊ आळीपाळीने करंजीच्या चौकात बसलो आणि हिरव्या पाटीच्या, म्हणजे विद्युत, गाड्या वहीत टिपल्या. मोजणीपेक्षा बोलण्यातून जास्त कळले. चहाला थांबलेल्या सात चालकांशी बोललो. त्यांपैकी पाच जण म्हणाले की करंजीला खात्रीचे केंद्र असते तर ते येथेच भरून घेतील, आणि पाचही जण हैदराबादच्या दिशेचे होते. महामार्गी यांनी लिहिले होते तसेच निघाले. उरलेले दोघे नागपूरकडे जात होते. त्यांतल्या एकाने जेवण चांगले मिळाले तर वळसा घेऊन येईन असे सांगितले.

वणी रस्त्यावर, चौकापासून थोड्या अंतरावर, चार हंगामांपासून बंद असलेले एक जिनिंग आहे. मालकाला आम्ही भेटलो. आवारात कडुलिंबाची मोठी झाडे आहेत, विहिरीला पाणी आहे आणि रोहित्र जागेवर आहे, मात्र वीजजोडणी कायमची खंडित झालेली आहे. आवारात भावाच्या आणि माझ्या, दोन्ही मोबाइलवर नेटवर्क मिळाले. घरापासून मोटारसायकलने वीस मिनिटे लागतात. कोलाऱ्याला मेहुणे दोन एसी चार्जर लावायला तयार आहेत, तो खर्च वेगळा ठेवला आहे.

वीजवाहिनी, खंडित जोडणीची जुनी थकबाकी नव्या अर्जदाराच्या माथी येते का, एवढे कृपया सांगावे.

वीजवाहिनी

त्याच जागेवर नवी जोडणी मागितली की कार्यालय जुन्या थकबाकीचा प्रश्न नक्की काढते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी मालकाला थकबाकी नसल्याचा दाखला आणायला सांगा, किंवा असलेली रक्कम तो भरेल असे करारातच लिहून घ्या. सोबत उपविभागीय कार्यालयात भारक्षमतेच्या तपासणीचा अर्ज द्या आणि ते रोहित्र कोणत्या वाहिनीवर होते हे लेखी मागा. त्या उत्तरात कृषी वाहिनी असा शब्द आला तर मला लगेच कळवा.

महामार्गी

येत्या शनिवारी मी हैदराबादला निघतो आहे. सकाळी आठच्या सुमारास करंजीच्या चौकात थांबेन. जिनिंगचे फाटक किती रुंद आहे आणि गाडी आत वळवून चार्जरला लावता येते का, हे माझ्याच गाडीने पाहू. वणीकर ताईंनी सांगितलेल्या दिव्यांची जागाही तेव्हाच ठरवता येईल.